मुठीवर तीन बोटं : तीनचाकीवरून गगनबावडा

मी सांगते आणि नात पल्लवी टाइप करते. ती मधलं काही गाळते की काय, असा संशय असल्यानं सगळं परत वाचून घेतलं आहे.

गगनबावड्याच्या अलीकडं एका वाडीत माझी थोरली बहीण राहते, अक्का. दारातल्या खाटेवरून आता ती उठत नाही. माझे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत. चार वर्षं तोंड बघितलं नव्हतं. लेकाचा, तानाजीचा, एक पाय लहानपणापासून अधू. त्यानं मोटरसायकलला मागं दोन चाकं बसवून घेतली, तेव्हा म्हटलं, "पहिल्यांदा मला अक्काकडं न्हे."

दिवाळीनंतर, वाटा वाळल्यावर, सकाळी सातला कोल्हापुरातून निघालो. बालिंगा, कळे, साळवण, डांबर बरं होतं. कळ्यात मिसळ खाल्ली. कटात आम्हाला बघून पाणी ओतलं असावं. जाणाऱ्यांनी आधी कट मागून बघावा.

डांबर सोडून वाडीच्या वाटेला लागलो आणि खेळ संपला. उसाच्या ट्रॅक्टरांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मध्ये उंचवटा. दुचाकी एका चाकोरीतून निघून जाते. आमचं पुढचं चाक उंचवट्यावर, मागची दोन चाकोऱ्यांत. मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या मधोमध साखळीचं मोठं दातेरी चाक लोंबतं, ते घासत घासत दगडावर बसलं. अक्काचं छप्पर समोर दिसत होतं.

एक सायकलवाला थांबला. "पावणं, म्हातारीला उतरवा की. हलकं हुईल."

"उतरती. मग फुडं तू खांद्यावर न्हेतोस?"

तो सायकल मारत गेला. गाडी मागं ओढली आणि तिथूनच परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी चाकं बसवणारा मिस्त्री म्हणाला, "आजी, जाड स्प्रिंगा घालतो. गाडी चार बोटं उचलतीया बघा."

त्याच्या गोड बोलण्यावर माझा विश्वास नव्हता. गाडी देताना दातेरी चाक आणि जमीन यांच्यामध्ये हात घातला होता. एक मूठ. गाडी परत आल्यावर पुन्हा घातला. एक मूठ.

"मिस्त्री, सीट वर गेली. मला चढाया पाट लागतोय. खाली हाय तेवढंच हाय."

"असं कसं हुईल?"

"झोपा आणि बघा."

तो पोत्यावर उताणा झाला आणि बराच वेळ तिथंच राहिला. मला वाटलं लाजून झोपला. शेवटी तानाजीच वाकून म्हणाला, "स्प्रिंगांनी सांगाडा उचलला, मिस्त्री. दांडा चाकांवरच हाय की. चाकंच मोठी पायजेत."

स्कूटरची बुटकी चाकं काढून मालवाहू रिक्षाची मोठी बसवली. मडगार्ड कापावे लागले. आता मुठीवर तीन बोटं आली. तरी मी तीनदा मोजलं, दोन्ही हातांनी. मिस्त्रीनं विचारलं, "बसला का इस्वास?"

"चाकांवर बसला."

महिन्यानं परत निघालो. असं काही करणाऱ्यांना सांगून ठेवते, मोठ्या चाकांनी गाडी चढाला दमते. साळवणच्या पुढं पहिला गिअर सोडला नाही, आणि पेट्रोलही जास्त प्यायली. वाडीच्या वाटेवर मी डोळे मिटून खर्रर्र कधी होतंय त्याची वाट बघत होते. दातेरी चाकाला गवत लागलं, दगड लागला नाही.

अक्का मला बघून हसली नाही. "मागल्या बारीला त्या वळणापतूर आलीस आणि फिरलीस. ह्या खाटंवरनं बघितलं मी. म्हटलं, आता हिला मी नगो झाले."

महिनाभर मी मिस्त्रीवर संशय घेत होते, आणि ही इथं माझ्यावर. मी तिचा हात धरून दातेरी चाक, दगड, मूठ, सगळं सांगितलं. तिनं तानाजीला विचारून खात्री केली. माझीच बहीण ती.

दोन दिवस राहिलो. निघताना उजवी चप्पल सापडेना. खाटेखाली, पोत्यामागं, सगळीकडं शोधली. अक्काचा हात गोधडीवर घट्ट.

"अक्के, दे की."

"परत आलीस की देती. तवर इस्वास न्हाय."

तशीच गाडीवर बसले. कोल्हापुरात येऊन आठवडा झाला. रोज सकाळी झाडलोट करताना गाडीखाली मूठ घालून बघते, तीन बोटं आहेत का. सून नवी चप्पल घेऊया म्हणते. मी नको म्हणते. दाराशी डावी एकटी आहे, असू दे.