मेमरीची सुटी पट्टी आणि एमोसी मास्तर

नाऊसोरीच्या बाजारामागे राहणाऱ्या एमोसी मास्तरांची ख्याती अशी, की त्यांच्याकडे मागायला निघालेला माणूस पिशवी सोबत घेऊनच निघे.

फिजीत नात्यातल्या माणसानं 'केरेकेरे' म्हटलं, की मागेल ती वस्तू द्यायची. नाही म्हणायची सोय नाही. बाकीचे लोक त्यावर आपापले तोडगे काढतात. कोणी चांगली वस्तू गादीखाली सारतो, कोणी नवं यंत्र बिघडलंय म्हणून सांगतो. मास्तरांना असली हुशारी मान्य नव्हती. मागणारा संकोचला, तर तेच त्याच्या हातात वस्तू कोंबत. गमबूट गेले, ड्रिल गेलं, पहिला लॅपटॉप पुतणीबरोबर कॉलेजला गेला, दुसरा चर्चच्या गायकमंडळाकडे. स्वतः मास्तरांनी मात्र उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. याचा त्यांना गर्व नव्हता, असं ते भेटेल त्याला सांगत.

तिसरा लॅपटॉप घ्यायची वेळ आली ती वासिती गेल्यावर. ती त्यांची थोरली बहीण. आईमागे तिनंच त्यांना वाढवलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर लोकांच्या लग्नांचे आणि मयतींचे व्हिडिओ कापून जोडून देत. तेव्हा बहिणीच्या वर्षाच्या प्रार्थनेला तिच्या आयुष्याचा व्हिडिओ दाखवीन, असा शब्द त्यांनी सगळ्या गोतावळ्यासमोर देऊन टाकला होता.

सुवा शहरात धर्मेंदच्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानात दोन नग त्यांच्यासमोर आले.

"हा घ्या मास्तर, प्रोसेसर एकदम तेज," धर्मेंद म्हणाला. "पण मेमरी आठच. तीही बोर्डाला झाळून बसवलेली, वाढवता येत नाही. हा दुसरा जरा म्हातारा, पण मेमरी सोळा. आठ-आठच्या दोन सुट्या पट्ट्या."

"मला कळेल असं सांग."

"संध्याकाळी चटई टाकून सगळे यंगोना प्यायला बसता ना? मेमरी म्हणजे चटई. मोठी असली की माणसं जास्त बसतात. प्रोसेसर म्हणजे वाटी भरून देणारा. तो मंद असला, तर बसलेत सगळे, पण कोरडे!"

"आणि देणारा चपळ, पण चटई लहान असली तर?"

"मग निम्मे लोक दारात ताटकळतात."

मास्तरांची बायको लितिया शेजारी उभी होती. ती म्हणाली, "झाळलेली घे."

"का?"

"ती कुणाला काढून नेता येत नाही."

धर्मेंदनं कपाळाला हात लावला. "वहिनी, इतकी वर्षं धंदा करतोय, पण हे कारण कुणी दिलं नव्हतं!"

मास्तर दुखावले. "माझे लोक काय चोर आहेत?"

"चोर परवडला," लितिया म्हणाली. "त्याला निदान चहा तरी करावा लागत नाही."

पण मास्तरांना बहीण अर्धी दारात उभी करायची नव्हती. तिचं गाणं, तिचं हसणं, तिचं खेकडे पकडणं, तिची बोलणी, सगळं एकदम चटईवर हवं होतं. त्यांनी म्हातारा घेतला, आणि परतीच्या बसमध्ये आत दोन सुट्या पट्ट्या आहेत हे ड्रायव्हरपासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना समजावून सांगितलं.

काम छान सुरू झालं. वाटी हळू फिरत होती, पण फिरत होती. मग इसिकेली आला. वासितीचा मुलगा, मालवाहू ट्रक चालवणारा. बहिणीचा मुलगा म्हणजे मामाच्या घरात त्याचा हक्क मामापेक्षा काकणभर जास्तच.

"मामा, पोरीच्या अभ्यासाचा लॅपटॉप फार रखडतोय. मेमरी घाला म्हणतात. तुमच्यात दोन पट्ट्या आहेत असं बसवाला सांगत होता. केरेकेरे, एक द्या."

"स्क्रूपण ने रे!" लितिया स्वयंपाकघरातून ओरडली. "पट्टी गेल्यावर ते कुणाला धरून बसतील?"

स्क्रूड्रायव्हर मास्तरांनी स्वतः शोधून दिला.

आता देणाराही मंद आणि चटईही अर्धी. पडद्यावर वासिती रागवायला हात उचले, आणि तो हात तसाच वर राहून जाई. प्रार्थनेचा दिवस तोंडावर आला. धर्मेंद म्हणाला, "त्या जातीची पट्टी आता ऑकलंडहून बोटीनं येईल, वेळेत मिळायची नाही."

"जा, परत मागून आण," लितिया म्हणाली.

"दिलेली वस्तू मागू? मी?"

"तुला द्यायला नाही आवडत रे. तुला फक्त देणारा म्हणून मिरवायला आवडतं."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. राग आला होता, कारण बोलणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नदीवरच्या गावाची बस धरली.

इसिकेलीच्या घरी बसून ते मासळीवर बोलले, रग्बीवर बोलले, तुटलेल्या पुलावर तर दोनदा बोलले. मग खाली चटईकडे बघत म्हणाले, "इसिकेली, ते... केरेकेरे. ती पट्टी. तुझ्या आईच्या व्हिडिओसाठी."

इसिकेली उठला. लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढू लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

"अरे, पोरीचं अडणार असेल तर राहू दे," मास्तर घाईनं म्हणाले.

"अडू दे थोडे दिवस. त्याचं नाही, मामा."

"मग रडतोस कशाला?"

"आई म्हणायची, एमोसी मागायला येईल त्या दिवशी मी डुक्कर कापून गावजेवण घालीन." त्यानं पट्टी मामाच्या तळहातावर ठेवली. "तुम्ही आमच्याकडून कधी काही घेतलंच नाहीत. शेवटी अंथरुणावर होती तेव्हाही विचारत होती, तो काही मागायला आला होता का? परक्याकडेच माणूस मागत नाही, म्हणायची."

मास्तर पट्टीकडे बघत राहिले. साऱ्या पंचक्रोशीला वस्तू वाटून झाल्या होत्या, आणि जिनं वाढवलं ती त्यांची वाट बघून गेली होती. त्यांना फार वाईट वाटलं. पट्टी खिशात घालून निघावं, तेवढंही त्यांना जमेना.

मग ते म्हणाले, "घरात उकडलेला कसावा आहे का रे? भूक लागलीय. आणि असला, तर माशाचा तुकडाही दे."