नाझियाचं सोलर गाव

शेजारी काही नवीन बनत असलं की आमच्या घरची साखर लवकर संपते. मग वाटी घेऊन जावं लागते, बसावं लागते, अन् परत येताना साखरेपेक्षा किस्सेच जास्त येतात!

आमच्या रिसोडच्या गल्लीत कूलर दुरुस्त करणारे रफिकभाई राहतात. त्यांची नाझिया दहावीत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं मॉडेल बनवायला घेतलं: ऊन, वारा अन् शेणावर चालणारं गाव. रफिकभाईंनी सांगून टाकलं होतं, "मॉडेल जिल्ह्याले गेलं तर अकरावी सायन्स, वाशीमले. नाही तर इथंच आर्ट्स!"

पोरगी जेवणखाण विसरली, अन् माझी साखर रोजच संपू लागली.

*

आधी पवनचक्की उभी राहिली. घरात वारा कुठला? रफिकभाईंनी समोर कूलर लावला. पाती गरगर, बल्ब चालू!

मी विचारलं, "भाई, बल्ब कायच्यावर?"

"पवनचक्कीवर."

"अन् पवनचक्की?"

"कूलरवर."

"अन् कूलर?"

"लाईटीवर! भाभी, तुमी साखर घ्या अन् जा ना!"

*

मग सोलरची प्लेट आली. बॅटरी चार्ज व्हावी म्हणून नाझिया ती अंगणात उन्हात ठेवून शाळेत गेली. आली तर बॅटरी रिकामी, अन् प्लेटीवर दादीची ओढणी!

दादी म्हणे, "इत्ती महंगी चीज, धूप में काली पड़ जाती ना!"

"दादी, वो कालीच है!"

*

सायन्सचे सर मॉडेल पाहायला आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण गाव इतकं स्वच्छ? परीक्षकाले पटणार नाही."

नाझियानं एका कोपऱ्यात उकिरडा टाकला.

"आता कसं गाव वाटते! त्याले पाईप जोड अन् बायोगॅस लिही."

*

मीही एक सूचना केली. "काहून वं, तुह्या गावात माणसंच नाहीत?"

"ठेवणार होती काकू. पण मग ते येऊन बसतीन, अन् मले काम करू देणार नाहीत!"

*

प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. परीक्षक होते वीज खात्यातले इंजिनीअर साहेब. ते समोर आले अन् नेमका मॉडेलमधला दवाखान्याचा बल्ब गेला. वायर तुटली होती, सोल्डरिंगचं मशीन घरी. रफिकभाईंचा चेहरा पडला.

नाझिया मात्र थंड! वायरचं टोक दातांनी सोललं, वाकवून आकडा केला, काडीनं उचलून मॉडेलच्याच मेन तारेवर टाकला. दवाखाना लख्ख!

साहेब खूश. "वा बेटा! हे मॉडेल जिल्ह्याले गेलं समज!"

रफिकभाई डोळे पुसत म्हणाले, "सायन्स पक्कं!" मी तर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून राह्यले होते.

साहेब हसत म्हणाले, "पण इतक्या सफाईनं आकडा टाकायले तुले शिकवलं कोनं?"

"कोणीच नाही सर," नाझियानं माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या गच्चीवरून काकूचं घर दिसते."