रिकाम्या तळव्यावरची तंबाखू

काल मामांची अँजिओप्लास्टी झाली. तंबाखूनेच हृदयाची नळी तुंबली, असं डॉक्टरांनी खडसावल्यावर मामींनी पुडी आणि चुन्याची डबी दोन्ही कचऱ्यात टाकली. आज वॉर्डात पाहते तर मामा खाटेवर बसून रिकाम्या तळव्यावर अंगठा घासतायत, अगदी मन लावून. मग दोन थापट्या मारून त्यांनी हात शेजारच्या खाटेकडे केला. तिथल्या अनोळखी पेशंटनेही चिमूट उचलून ओठाखाली ठेवली.

मला हसू आवरेना. तार घालून नळी मोकळी करता येते हो, पण अंगठ्यात मुरलेली इतकी वर्षं कुठल्या तारेनं काढणार?

तेवढ्यात तो शेजारचा पेशंट गंभीरपणे म्हणाला, "चुना जरा जास्त झालाय, पाहुणं."

मामा ओशाळले. "पुढचा बार मळताना बेतानं घालतो."