पंधरा अक्षरांची अक्का

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मी एका पत्रात मोडलंच होतं. तेही इंग्रजीत!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही सेनगावजवळ राहायचो. अक्कासाठी हिंगोलीचं स्थळ आलं होतं, मुलगा कचेरीत कारकून. अक्कानं त्याला कळमनुरीच्या बाजारात एकदाच पाहिलं होतं, पण तेव्हापासून तिला दुसरं स्थळ चालणार नव्हतं. मुलाचे मामा निवृत्त हेडमास्तर. त्यांचा निरोप आला, "मुलीची अन् घरची माहिती इंग्रजीत पाठवा."

घरात इंग्रजी येणारा मी एकटा. (मॅट्रिकला इंग्रजीत पस्तीस मार्क. घासून, पण पास!) शिवाय माझ्याकडं औंढ्याच्या जत्रेत घेतलेलं, पुठ्ठा उडालेलं इंग्रजी समानार्थी शब्दांचं पुस्तक होतं. एकेका शब्दापुढं आठ-आठ शब्द!

अण्णा अडत दुकानात धान्याचं माप करायचे. ते पुस्तकावर वाकून म्हणाले, "आखूड शब्द काहून घेऊन राहिला? लांब घे. माप भरपूर दिसलं पाहिजे!"

झालं! मी शब्दाचं स्पेलिंग वाचायचं, अण्णांनी बोटांवर अक्षरं मोजायची. अक्का सडपातळ. 'थिन'ची अक्षरं चार, 'इमॅसिएटेड'ची नऊ. "नऊवालं घे!" घर जुनं. 'ओल्ड'ला तीन, 'डिलॅपिडेटेड'ला अकरा. बोटं कमी पडली, तसा अण्णांचा चेहरा उजळला. घराणं पंचक्रोशीत प्रसिद्ध, म्हणून 'नटोरियस'. अक्का मितभाषी, तिला 'अनकम्युनिकेटिव्ह'. पंधरा! अण्णांनी माझीही पाच बोटं घेतली.

पत्र पेटीत पडलं. मी कच्चा कागद मिरवत शाळेतल्या मास्तरांकडं गेलो. त्यांनी तो वाचला आणि खाली बसले.

"गाढवा, काय लिहिलंस हे? पोरगी हाडाचा सापळा, तोंडातून शब्द काढत नाही, घर पडायला आलंय आणि घराणं बदनाम!"

"पण सर, पुस्तकात सगळे शब्द एकाच ओळीत होते..."

"गावातली सगळी माणसंही एकाच मतदार यादीत असतात! म्हणून काय सगळी सारखी?"

मी पळत घरी आलो आणि अण्णांना चुकवून अक्काला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग तिनं मला लाटणं घेऊन अंगणभर पळवलं. "माझं लगीन मोडलंस रे! आता ते कशाला येतील?"

आणि रविवारच्या एस.टी.नं ते आले की! मामा, मुलगा आणि मामांच्या हातात तुपाचा डबा!

दारात मामांनी आधी छत्रीनं भिंत ठोकून पाहिली. मग वर आढ्याकडं बघत, एकेक पाऊल टाकत आत आले. मुलगा तर उंबऱ्यातच थांबला. अण्णा कौतुकानं माझ्या कानात पुटपुटले, "बघ, इंग्रजीनं किती दबकून राहिलेत!"

तेवढ्यात अक्का बाहेर आली. काखेत पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर! ती तिनं मामांसमोर दाणकन ठेवली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. "नमस्कार करते. एस.टी.त जागा मिळाली का? भिंत पक्की हाय, बिनघोर टेका. च्यात साखर किती घालू?" मितभाषी अक्का! मीसुद्धा तिला इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

मामा मुलाकडं वळले. "अरे, हिला तर बोलता येतंय! घागर बी उचलती! तुपाची गरजच न्हाई!"

मुलगा उंबऱ्यातून आत आला आणि थेट अक्काच्या समोरच्या बाजेवर बसला.

मामा पाणी प्यायले. "पाव्हणं, आजपर्यंत सतरा पत्रं आली. कागदावर अप्सरा अन् महाल, जाऊन बघावं तर भलतंच. तुमचं पत्र वाचलं, वाटलं, इतकं खरं लिहिणारी माणसं बघून तरी यावं. अन् हितं तर सगळंच कागदाहून भारी!"

अक्का लाजून आत पळाली. मला आनंदानं रडूच आलं! लग्न ठरलं होतं, तेही माझ्या इंग्रजीमुळं! "पत्र मीच लिहिलं!" म्हणत मी छाती फुगवून पुढं झालो.

अण्णांनी हात जोडून विचारलं, "देण्याघेण्याचं बोला. तुमच्या काय अटी?"

"देणंघेणं काई नको," मामा माझ्याकडं बघत म्हणाले. "अट एकच. लग्नपत्रिका मराठीत छापा, अन् ती ह्या पोरानं लिहायची न्हाई."