गोरक्षच्या कानातली शिट्टी

गुरुवारी कंपन्या बंद. कुरुळी गावातली बाकीची माणसं त्या दिवशी उशिरापर्यंत लोळायची. गोरक्ष मात्र चहा घशाखाली गेला की मोटरसायकलला किक मारून थेट चाकणचा तळेगाव चौक गाठायचा आणि तिथल्या एका टपरीला टेकून उभा राहायचा. समोरून कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस, हॉर्नचा नुसता कल्लोळ. ओळखीचं कुणी भेटलं तर विचारायचं, "गोरक्षभाऊ, कुणाची वाट बघताय?"

"कुणाची न्हाई," म्हणून तो तोंड फिरवायचा.

खरं कारण सांगायची त्याला लाज वाटायची. शांतता त्याला सोसत नव्हती. प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकणाऱ्या मशीनवर त्याची उमेदीची वर्षं गेली होती. इअरप्लग सगळ्यांना मिळायचे, पण ते खिशातच राहायचे, कारण बोललेलं ऐकू येत नाही. मग एके दिवशी शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये बसला असताना कानात बारीक शिट्टी सुरू झाली आणि थांबलीच नाही. डॉक्टरांनी कान तपासले. म्हणाले, "आतली नस दुखावलीय. जिवाला धोका नाही. पण आवाज जाईल असं सांगता येत नाही. सवय होईल."

सवय होईना. त्याच्या आईनं, तानाबाईनं, लसणाचं तेल कोमट करून आणलं. डॉक्टरांनी कानात काही घालू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून त्यानं वाटी बाजूला सारली. "भुंगा बसलाय रं कानात, बाकी काय न्हाई," ती म्हणत राहिली. घरात टीव्ही मोठ्यानं, पंखा फुल, वर रेडिओ. एकदा आरोही, त्याची आठवीतली मुलगी, पाठांतरासाठी टीव्ही बंद करायला गेली, तर तो तिच्या अंगावर असा ओरडला की ती दप्तर उचलून शेजारी जाऊन बसली. जेवायला बसला तरी त्याचा गुडघा हलत असायचा. ताटावरून उठून दारात जायचा, परत यायचा, परत उठायचा.

त्यात कंपनीच्या तपासणीत त्याचे कान कमजोर निघाले. साहेबांनी चांगल्या मनानं त्याची बदली स्टोअर्सला केली. कपाटं, खोकी, एक खिडकी, आणि शांतता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तो घामानं भिजला.

"मला परत प्रेसवर घ्या," तो साहेबांना म्हणाला.

"अहो, स्टोअर्ससाठी लोक वशिले लावतात! आणि प्रेसवर पाठवून तुमचे उरलेले कान घालवू का?"

साहेबांचं चूक नव्हतं. म्हणूनच त्याला जास्त राग आला.

विजयश्रीला, त्याच्या बायकोला, सगळं दिसत होतं. तिचा भाऊ पिंपळे सौदागरला राहायचा. त्याच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी ध्यानाचा वर्ग भरायचा. शिकवणारी श्रद्धा, तिशीतली. पिंपरीच्या विहारात आजोबांच्या शेजारी बसून ती ध्यान शिकली होती. विजयश्रीनं नवऱ्याला जवळजवळ ओढतच तिथं नेलं.

सगळे सतरंजीवर बसले. दिवे मंद झाले. श्रद्धा हळू आवाजात म्हणाली, "डोळे मिटा. आता फक्त आतली शांतता ऐका."

शिट्टी कवटीभर पसरली. गोरक्ष धडपडत उठला, एका बाईच्या हातावर पाय देऊन बाहेर पळाला आणि जिन्याच्या पायरीवर धापा टाकत बसला.

थोड्या वेळानं श्रद्धा बाहेर आली आणि दोन पायऱ्या सोडून खाली बसली. काय झालं ते त्यानं तुटक तुटक सांगितलं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. कसा आहे आवाज?"

"कसा म्हंजे? शिट्टी हाय."

"कुकरची? पोलिसाची?"

गोरक्षनं आठवून पाहिलं. डॉक्टरांनी किती दिवसांपासून ते विचारलं होतं, कोणत्या कानात ते विचारलं होतं. कसा, हे कुणीच विचारलं नव्हतं. आणि सांगायचं तर ऐकणं भाग होतं. आजवर तो फक्त पळाला होता.

"कुकरची न्हाई," तो चाचपडत म्हणाला. "ग्राइंडर बंद केल्यावर चाक फिरत राहतं ना, तशी. थांबा... उजवीकडं जरा जाड हाय. मधीच बारीक व्हती."

"आत्ता?"

"आत्ता... बारीक."

श्रद्धा म्हणाली, "बुद्ध सांगायचे, एक बाण बाहेरून लागतो. तो दुखणारच. पण 'हा मलाच का लागला, आता माझं कसं होणार' असं म्हणत दुसरा बाण आपणच आपल्याला मारतो. तुमची शिट्टी मला काढता येणार नाही, गोरक्षभाऊ. दुसऱ्या बाणाचं काहीतरी बघू."

त्याला ते पटलं नाही. "बोलाया सोपं हाय," असं म्हणून तो गाडीकडे गेला. पण नाशिक फाट्याच्या सिग्नलला थांबला असताना त्याच्या ध्यानात आलं, आपण अजून ऐकतोय. आवाज आता जाड झालाय.

घरी आल्यावर, जेवणं उरकल्यावर, आरोहीनं भीत भीत विचारलं, "पप्पा, कसा येतो आवाज?" श्रद्धाकडून ऐकून मामानं फोनवर तिला सगळं सांगितलं होतं. तिनं मोबाईलवर सूर वरखाली करायचं अ‍ॅप काढलं. "हा?"

"आणखी वर."

"हा?"

"वर. अजून. थोडा खाली... हां! ह्योच!"

खोलीभर ती तीक्ष्ण शिट्टी घुमली. आरोहीनं कानांवर हात ठेवले. भांडी विसळणारी विजयश्री वळली. तिच्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"हे असं चालू असतं तुमच्या कानात?" ती म्हणाली. "सारखं?"

गोरक्षनं मान हलवली. त्याला एकदम भरून आलं. आरोहीनं अ‍ॅप बंद केलं. "माझं थांबलं, पप्पा. तुमचं?"

"माझं हाय."

मग विजयश्री टीव्ही लावायला उठली, तसा तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे जरा." थोडा वेळ तसाच गेला. मग त्यालाच सोसेना आणि त्यानं लावला.

बरं होणं म्हणतात तसं काही झालं नाही. स्टोअर्समध्ये तो आजही दर थोड्या वेळानं उठून खिडकीपाशी जातो. चिडतो, मग आपण चिडलोय हे कधी कधी त्याच्या लक्षात येतं. वर्गाला जातो, दाराजवळ बसतो, पुष्कळदा अर्ध्यातून उठतो. श्रद्धानं त्याला कधी अडवलं नाही. दिवाळीत ती फराळाला कुरुळीला आली, तेव्हा तिनं सहज विचारलं, "आज काय म्हणतेय शिट्टी?"

गोरक्ष चकली तोंडाशी धरून थांबला. जरा कानोसा घेतला.

"हाय की," तो म्हणाला, आणि त्यानं चकलीचा तुकडा मोडला.