उवा आणि उद्याचं लग्न

माझ्या पुतणीनं गोष्ट लिहिली होती, आणि वाचून झाली की ती "कशी वाटली?" विचारणार याची मला धास्ती होती. ती बीएस्सीला आहे. कॉलेजच्या अंकासाठी लिहिलेल्या या गोष्टीत मज्जातंतूंवर घाला घालणारा विषारी वायू खऱ्यापेक्षा वीसेक वर्षं आधी, पहिल्या महायुद्धातच सापडतो आणि जग वेगळंच होऊन बसतं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. जे घडलं तेच पोरांच्या डोक्यात शिरत नाही, न घडलेलं कशाला सांगायचं, असं माझं स्पष्ट मत. पण लोहाऱ्याजवळच्या गावी भावाच्या घरी मी पोरींना सोबत म्हणून आले होते. ऐकण्यावाचून सुटका नव्हती.

भाऊ आणि वहिनी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला, नात्यातल्या लग्नाच्या हळदीसाठी पुढं गेले होते. आम्ही दुसऱ्या दिवशी लग्नाला जाणार होतो. धाकटी पुतणी, दुसरीतली, तिच्या डोक्यात उवा झालेल्या. "उवा गेल्या तरच हिला आणा, पाहुण्यांत लाज नको," असं वहिनी बजावून गेली होती. पोर सकाळपासून मुसमुसत होती. माझ्या आईला ते बघवेना. दुपारी तिनं नातीला न्हाणीपाशी बसवून डोक्याला तेल चोळलं, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा गच्च बांधला आणि तिला ओसरीवर आमच्याकडं पाठवलं.

इकडं गोष्टीत सैनिक खंदकात कोसळत होते. पुतणी मोबाइलवरून वाचत होती. नाकातोंडातून पाणी, पोटात मुरडा, दंडाचं मांस आपोआप उडतं, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते.

"इतकं भयानक लिहितात का?" मी म्हणाले. "वाचणाऱ्याला घास जायचा नाही."

धाकटी माझ्या मांडीवर आडवी झाली होती. थोड्या वेळानं माझा पदर ओला लागला. झोपेत लाळ गळाली असेल म्हणून मी पुसली, तर परत तेच. मग ती पोट धरून उठली आणि भडाभडा ओकली. मी आईवरच ओरडले, काय खायला घातलंस म्हणून.

पुतणीचं वाचन थांबलं होतं. तिनं बहिणीची हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं. ओसरीच्या सावलीत बाहुली मोठी दिसायला हवी. ती मोहरीएवढीसुद्धा नव्हती.

"आज्जी, हिच्या डोक्याला काय लावलं?"

"तुरीवर मारत्यात ते औषध," आई शांतपणे म्हणाली. "खोबरेलात जरासं. शेजारीण म्हनली, येका दिसात समद्या उवा मरत्यात. उद्या लग्नाला जायाचंय न्हवं लेकराला."

"आत्या," पुतणी माझ्याकडं वळली, "हे त्याच जातीचं विष आहे. माझ्या गोष्टीतलं. किडे मारायचं औषध शोधतानाच तो वायू सापडलाय."

घरात, कोनाड्यात, तेलाच्या बाटलीशेजारी असली वस्तू ठेवून आम्ही इतकी वर्षं जेवत होतो. पुतणीनं तोवर लुगड्याचा तुकडा फेकून दिला होता, पोरीचे कपडे उतरवले होते, साबण लावून ती डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतत होती. गोष्टीतल्या सैनिकांना आधी असंच धुतात. शेजाऱ्यांनी जीप काढली आणि औषधाची बाटली सोबत घेऊन आम्ही लोहाऱ्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि लगेच इंजेक्शन दिलं. मग पुन्हा. मग पुन्हा. पोरीचा श्वास घशात खळखळत होता. मी तिचे पाय धरून उभी होते आणि पोटऱ्या माझ्या हातात थडथड उडत होत्या. हे जातंय लेकरू, एवढंच मनात येत होतं.

संध्याकाळी तिनं पाणी मागितलं. तोंड कोरडं पडलं म्हणाली. डॉक्टर म्हणाले, कोरडं पडलं म्हणजे इंजेक्शन लागू झालं, आता धोका टळला. तेव्हा कुठं पुतणी रडली. तिच्या गोष्टीत विष आधी सापडतं, उतारा सापडत नाही, त्यामुळं तिनं सगळ्यांना मारून टाकलं होतं.

बाहेर बाकावर आई बसली होती. नर्सनं तिचेही हात साबणानं धुऊन घेतले होते, तरी ती तळवे पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होती. मी तिला खूप काही सुनावणार होते. जीपमध्ये सगळं मनात जुळवलं होतं. तिच्याकडं पाहिलं आणि शेजारी बसले.

पुतणीही येऊन बसली. आईनं तिला विचारलं, "तुझ्या गोष्टीत ते तुरीवरचं इख लई आधी सापडतंय व्हय?"

"व्हय, आज्जी."

"किती आधी? म्या ल्हान व्हते तवा?"

"तुमी जन्मायच्याबी आधी."

आईनं मान हलवली. हात मांडीवर उताणे ठेवले.

"मग म्या जगले नसते," ती म्हणाली. "लई उवा व्हत्या मला. आन माज्या आयचा लई जीव व्हता माज्यावर."