सकाळचा आकडा, दुपारचा आकडा

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कुठल्याही पातळ पदार्थाबद्दल नुसतं पाहून खात्री पटत नसे. लाडवांचा पाक असो, खोबरेल असो की नदीचं गढूळ पाणी. ते अंगठा आणि पहिलं बोट त्यात बुडवायचे, दोन्ही हळूहळू दूर न्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पुलगावच्या कापडगिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांना तेल देण्यात त्यांची उभी हयात गेली होती. "डोये फसवते, बाई," ते म्हणत, "बोट नाई फसवत."

मी लग्न होऊन आले तेव्हा गिरणी सुटलेली होती आणि सासूबाईही नव्हत्या. माझे यजमान रेल्वेत गार्ड, घरी कमी आणि गाडीवर जास्त. मामाजी अंगणाच्या फाटकाजवळच्या खुर्चीत बसून राहत. बोलणं असं नाहीच. जेवायला हाक मारली की उठत, जेवत, पुन्हा खुर्ची. आपण आपल्याच घरात पाहुणे आहोत असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर असे.

त्यांना खुर्चीतून उठवलं माझ्या गाडीनं. बँकेत नोकरी लागल्यावर मी हौसेनं एक छोटी लाल टर्बो गाडी घेतली होती आणि नागपूरकडच्या एका खासगी ट्रॅकवर ती पळवायला जायची. एका रविवारी मी बॉनेट उघडून उभी होते, तर मामाजी मागे येऊन थांबले. मी त्यांना टर्बो दाखवला. धुराच्या जोरानं आत एक चक्री फिरते, ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते, आणि ती चक्री तेलाच्या पातळशा थरावर तरंगत असते, असं सांगितलं.

"तरंगते?" ते म्हणाले. "म्हंजे टेकतच नाई कुठं?"

"तेल असेपर्यंत नाही टेकत."

ते कितीतरी वेळ त्या काळ्या लोखंडाकडे बघत राहिले. रात्री जेवताना घास हातातच ठेवून म्हणाले, "तरंगते म्हणतं तू," आणि स्वतःशीच हसले. ते हसू मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेल बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी जाड तेलाचा हट्ट धरला. २०डब्ल्यू-५०. "जाड तेल म्हंजे मजबूत तेल. गिरणीत आमी तेच पाह्यलं." गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० सिंथेटिक लिहिलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण त्या घरात त्यांनी मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती. मी मेकॅनिकला जाड तेल भरायला सांगितलं.

थंडीचे दिवस होते. सकाळी धुक्यात समोरची तूर अर्धी बुडालेली होती, रेल्वेचे रूळ मध्येच कुठेतरी विरघळून जात होते. मी गाडी सुरू केली आणि इंजिनातले टॅपेट कोरडे खडखडू लागले. तेलाचा लाल दिवा विझेना. मामाजी बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते.

"बंद कर," ते शांतपणे म्हणाले. "उपाशी हाय ते. तेल वर चढून नाई राह्यलं."

मी किल्ली फिरवली. ते ओट्यावर जाऊन बसले. टर्बो गेला असता तर माझी गाडी पळवणं तिथंच संपलं असतं. मला वाटलं, आता ते गाडीला नाहीतर मेकॅनिकला बोल लावतील आणि पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, ते कायमचे.

"मी चुकलो, बाई," ते म्हणाले. "चाती वेगळी अन् हे वेगळं. याच्यातल्या वाटा केसावानी बारीक, अन् थंडीत माह्यं तेल झालं काकवीवानी. कसं जाईन ते?"

मेकॅनिकनं तेल काढलं. त्यात लोखंडाचा कीस नव्हता, इंजिन वाचलं होतं. मग त्यानं पुस्तकातलं ५डब्ल्यू-३० भरलं. मामाजींनी ते काढलेलं तेल बोटावर घेऊन पाहिलं आणि हात पुसला.

त्यानंतर मात्र ते खुर्चीत बसले नाहीत. भिंग घेऊन डब्यावरची बारीक अक्षरं लावू लागले. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा आणि नंतरचा तापलेल्या इंजिनाचा, हे समजल्यावर त्यांनी त्यांना आपली नावं दिली: सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा. "सकाळचा लहान पाह्यजे, म्हंजे तेल झटकन धावते. दुपारचा तुह्या चालवण्यावर हाय. अन् पुस्तकात सांगितलेली कंपनीच्या मंजुरीची खूण डब्यावर नसन तर डब्बा परत ठेवजो."

मे महिन्यात ते माझ्याबरोबर ट्रॅकवर आले. डोक्याला ओला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. काही फेऱ्यांनंतर तेल फार तापायचं आणि मी नवीन बसवलेल्या, तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा खाली झुकायचा. मी गाडी बाहेर घेतली. "पुस्तक काय म्हणते?" त्यांचा पहिला प्रश्न. कडक उन्हात, जोरात चालवण्यासाठी दुपारचा आकडा ४० चालेल, असं पुस्तकात होतं. पुढच्या खेपेला आम्ही ५डब्ल्यू-४० भरलं. काटा जागचा हलला नाही. मामाजी दोरीपलीकडे उभे राहून माझ्याऐवजी त्या काट्याचाच विचार करत होते, हे मला लांबूनही कळत होतं.

गल्लीत कोणी विचारलंच, "काऊन जी, सून गाडी पळवते म्हणे?" तर ते म्हणत, "पळवते. अन् तेल बराबर टाकते. मीच चुकलो होतो." स्वतःची चूक ते अशी सांगत, जणू नातवाचं बारसं सांगताहेत.

त्या पावसाळ्यात मामाजी गेले. आजार असा नव्हताच. दुपारी पडले ते उठले नाहीत. मला मात्र त्यांची आठवण येते ती पावसाआधीच्या, ट्रॅकवरच्या शेवटच्या दिवसाची. संध्याकाळी तिथं पाहुण्यांना बसवून एक फेरी मारू देत. मी मामाजींना हेल्मेट घातलं, पट्टा आवळला. सरळ रस्त्यावर इंजिन गाऊ लागलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, देवळात बसल्यासारखे. फेरी संपली तरी ते उतरेनात.

"जिंदगीभर मी यंत्राच्या बाहेर उभा राहून तेल टाकलं," ते म्हणाले. "आतून कसं वाटते, ते आज समजलं."

परतताना केळझरचा डोंगर मागे पडला, सेलूचे दिवे लागले. मामाजी झोपले होते. दोन्हीकडची काळी रानं नांगरून मोकळी पडलेली, आभाळ अजून थोडं उजळ. मागची सगळी वाहनं मला ओलांडून जात होती. मी तिसऱ्या गियरवर हळूहळू चालवत राहिले, त्यांची मान हलू नये म्हणून.